आईचं झाड आणि देवांचं पाणी

"फेकून दे ते," सासरेबुवा म्हणाले. "नाही फेकणार," मी म्हटलं. न्यू टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या सकाळी एवढंच बोलणं झालं. आमटीला फोडणी मात्र मी जरा जोरातच दिली.

झाड कसलं, हाताच्या पंजाएवढं. कमळासारखी रचलेली जाड पानं, त्यांवर राखाडी-पांढरी पूड. बँकेने नवऱ्याची कोलकात्याला बदली केली तेव्हा निघताना आईने ते माझ्या मांडीवर ठेवलं. "पाणी कमी घाल आणि पानांना बोट लावू नकोस," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी ती गेली. माहेरचं घर आवरताना मी भांडी मागितली नाहीत, साड्या मागितल्या नाहीत. माझ्याकडे हे होतं.

सासरेबुवांच्या लेखी मात्र तो निवडुंग, आणि घरात निवडुंग ठेवू नये! "अहो बाबा, एक तरी काटा दाखवा," मी म्हणायची. काटा नव्हता, पण मत पक्कं. त्यात ऐन पावसाळ्यात पानं मलूल पडली आणि त्यांच्या बेचक्यात पांढरं काहीतरी साठलं. झालं! "बघ, बुरशी लागली. मी पहिल्यापासून सांगतोय, अवलक्षणी आहे ते." नवरा एस्प्लनेडच्या ऑफिसला जायला बूट चढवत होता. "पाण्याचा क्षार असेल, आपल्या बादल्यांनाही येतो," म्हणाला आणि सटकला. बाप आणि बायको यांच्या मध्ये न सापडण्यात तो पटाईत आहे.

मी सासरेबुवांचं पंचांग वाचायचं भिंग उचललं, न विचारता. पानावरची पूड पातळ आणि सगळीकडे सारखी होती. आईने नको म्हटलं असतानाही एके ठिकाणी बोट लावलं, तर पूड निघाली आणि खाली हिरवा डाग राहिला. म्हणजे ती त्याची स्वतःची, उन्हापासून जपणारी. पुसली की त्या पानावर परत येत नाही, हे मी सासरेबुवांना ऐकवलंही. क्षार होता, पण तो कुंडीच्या काठावर, नखाने खरवडावा लागेल असा कडक. बेचक्यातलं प्रकरण वेगळंच होतं. कापसाचे गोळे, आणि गोळ्यांना पाय! पिठ्या ढेकूण. पानं खालून चिकट झालेली आणि कुंडीवर मुंग्यांची रांग.

मुंग्या का आल्या म्हणून माती उकरली, तर ओली चिंब आणि आंबूस वास. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे देवांच्या अंघोळीचं पाणी मोरीत ओतत नाहीत, पायदळी जायला नको म्हणून झाडाला घालतात. बाल्कनीतली तुळस उन्हाळ्यात वाळली, तेव्हापासून सासरेबुवांचा तांब्या रोज या कुंडीत रिकामा होत होता. पाण्यात पंचामृताचं दूध आणि साखर! साखरेला मुंग्या, मुंग्यांच्या आश्रयाने ढेकूण, आणि पाण्याने मुळं कुजलेली.

"निवडुंग अवलक्षणी, पण देवांचं पाणी ओतायला चालतो होय?" मी विचारलंच.

"देवांचं पाणी झाडाला बाधेल? काहीतरीच बोलतेस!"

"देवांना नसेल बाधत. माझ्या झाडाला बाधतं. उद्यापासून या कुंडीत थेंब पडता कामा नये."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी या आवाजात बोलले नव्हते. पण बोलले, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सासरेबुवांनी वळून ठेवलेल्या वाती मी घेतल्या, उदबत्तीच्या काड्यांना गुंडाळल्या, जखमेवर लावायच्या स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि एकेका ढेकणाला टिपलं. झाड उपटून काळी पडलेली मुळं कापली, उरलेलं वर्तमानपत्रावर सुकत ठेवलं. जाड वाळू आणि विटेचा चुरा घातलेल्या कोरड्या मातीत पुन्हा लावलं. दर चार-पाच दिवसांनी भिंग, पुन्हा वाती. हात धुऊन मागे लागले होते मी त्या ढेकणांच्या.

आता हवं होतं ऊन. बाल्कनीत पाऊस आत येतो, आणि घरात भरपूर ऊन येणारी खिडकी एकच, देवघराची. ठेवली कुंडी तिथे.

"देवांशेजारी निवडुंग?"

"ऊन तिथेच येतं, बाबा. देवांनी काही तक्रार केलेली नाही."

त्यानंतर सासरेबुवा माझ्याशी बोलेनासे झाले. चहासुद्धा नवऱ्यामार्फत मागायचे. म्हटलं, राहा अबोला धरून! बाल्कनीत नवी तुळस आणून लावली, तांब्या तिकडे जाऊ लागला. कुंडी मी हलवली नाही. पूजेला बसले की ते तिच्याकडे बघायचंही टाळायचे. मधोमध एक कोवळं पान फुटलं, पुडीने पांढरं झालेलं, तेही मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला?

कोजागरीला इथली दोन-चार मराठी कुटुंबं घरी आली. मी ओट्याशी मसाला दूध ढवळत होते. एक बाई देवाला नमस्कार करायला गेल्या आणि त्यांचा आवाज आला, "अगंबाई, पानांवर केवढी धूळ बसलीय! पुसते हं जरा." मी डाव टाकून धावले.

"हात लावू नका!" माझ्या आधी सासरेबुवा खुर्चीतून उठले होते. "धूळ नाही ती. त्याची स्वतःची पूड आहे. पुसली की परत येत नाही."

बाई ओशाळल्या. "नाही, निवडुंग दिसला देवघरात, म्हणून..."

"निवडुंग नाही तो," सासरेबुवा म्हणाले. "आमच्या विहीणबाईंचं झाड आहे."

भांडायच्या तयारीने आलेली मी तशीच मागे वळले आणि ओट्याशी उभी राहून घळाघळा रडले. दूध उतू गेलं.