खांबाआडच्या साड्या

आयटीआय संपवून मी इंदापूरहून मोटारसायकलवर फिरत दुकानांत कॅमेरे बसवू लागलो, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे लग्नातला. भिंतीला टांगलेला कॅमेरा बघायला लोक थांबायचे आणि मी उगाच कॉलर ताठ करायचो.

बारामतीतल्या एका कापड दुकानाचं काम मिळालं. चार कॅमेरे, चारही चित्रं एका पडद्यावर दाखवणारी पेटी आणि रेकॉर्डिंगला व्हीसीआर. दिवसभर शिडीवर चढून वायरी ओढल्या, टोकांना पिना बसवल्या आणि पेटीमागे एकेक करून जोडल्या. पडद्यावर काळंपांढरं दुकान उमटलं तसे मालक खूश झाले. "टीव्ही केबिनमध्ये कशाला? गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेव, चोरालाही कळू दे." मी नको म्हणायला हवं होतं. पण माझं काम साऱ्या गावानं बघावं ही हौस मलाच जास्त होती.

साड्यांच्या गादीवर तात्या असायचे. कळसहून एसटीनं येणारे, धिप्पाड, झुपकेदार मिशांचे. साडी दाखवायची त्यांची रीत ठरलेली: उभं राहून निऱ्या कमरेशी धरायच्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि काठ दिसावा म्हणून जरा तिरकं व्हायचं. बायकांना तात्या दिसतच नसत, साडी दिसायची. माझ्या बहिणीच्या लग्नाचा शालू आईनं त्यांच्याच खांद्यावर पसंत केला होता.

बाजाराच्या दिवशी टीव्हीपुढं ही गर्दी! तात्यांनी पदर घेतला आणि पडद्यावर मिशीवाला बाप्या साडी लेवून उभा. काळ्यापांढऱ्यात साडीचा रंग दिसेना, नुसते तात्या दिसले. लोक खो खो हसले. एक कॅमेरा नीट करायला मी पुन्हा शिडीवर चढलो होतो, तिथून मीही हसलो. तात्यांनी मान वळवून पडद्याकडं पाहिलं आणि पदर हळूच खाली घेतला.

संध्याकाळी हत्यारं आवरत होतो, तेव्हा ते जवळ आले.

"लेकरा, कुठं हुबा ऱ्हायलो तर मी ह्यात दिसणार न्हाय?"

मला गंमत वाटली. मी खांबाच्या आड जाऊन पाय आपटला. "हितं, तात्या. हितं कॅमेरा पोचत नाही."

आठवडाभरात मालकांचा फोन आला. गेलो तर तापलेले. "कॅमेरा फिरव. तात्या माल घेऊन खांबाआड जातात. टीव्हीत नुसत्या जाणाऱ्या साड्या दिसतात."

मी म्हटलं, "शेठ, ती जागा मीच दाखवली. लोक हसतात म्हणून ते तिथं साडी अंगावर घेतात. बायकाही मागं जात असतीलच की!"

मालक मटकन गादीवर बसले. मला यायला उशीर झाला होता. सकाळीच त्यांनी भरल्या दुकानात विचारलं होतं, "तात्या, माल घेऊन आडोशाला कशाला जाता?" समोर बायका बसलेल्या. लाज वाटते म्हणून जातो, हे त्यांच्यासमोर तात्या कसं सांगणार? त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढून गादीवर ठेवली आणि स्टँडची वाट धरली.

त्याच दुपारी मी टीव्ही केबिनमध्ये हलवला. वायर पुरली, थोडी उरलीसुद्धा; म्हणजे पहिल्याच दिवशी तो आत बसला असता. उरलेली वायर बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तूच घेऊन ये त्यांना," मालक म्हणाले. "चुकलो म्हणावं."

कळसला तात्या दारात बसले होते. त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग चहा. रागाचा एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तात्या, टीव्ही आत नेला. आता कुणाला काही दिसत नाही. शेठनी बोलावलंय."

"लोकांचं सोड रं," ते म्हणाले. "लोक काय, हसत्यात आन् इसरत्यात."

दोरीवर त्यांच्या बायकोचं लुगडं वाळत होतं. तात्यांनी उठून सवयीनं काठ हातात घेतला, ताणून सरळ केला, खांद्यापर्यंत उचलला आणि तिथंच थांबले.

"आता पदर घ्याया गेलं की मला मीच दिसतो," ते म्हणाले आणि लुगडं दोरीवर नीट टाकून चहाला बसले.