कुंकवाचा माईक

त्या वर्षी दसऱ्याला आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत यंत्रांची पूजा झाली. मालक मोठे भाविक. टेपला हार, मिक्सरला हार, आणि सगळ्यात भारी माईकच्या जाळीत तर त्यांनी हळदकुंकू दाबून भरलं, वर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी त्यातला आवाज गोधडीतून आल्यासारखा यायला लागला. मग त्यांनी स्वतःच टाचणी घेऊन आत टोकरलं आणि तो ठार मुका झाला. आगीतून फुफाट्यात.

नेमकी त्याच दिवशी माझी आई पेडगावहून बौद्धवाड्यातल्या बायकांना घेऊन नामांतराची गाणी भरायला आली होती. कापसाची वेचणी तोंडावर होती. आज गाणी झाली नसती, तर या सगळ्या बायका पुन्हा एका दिवशी मोकळ्या सापडणं कठीण होतं. एवढ्या बायकांचा आवाज धरील असा दुसरा माईक नव्हता. हा मुंबईला पाठवू, दिवाळीनंतर बघू, असं मालक म्हणाले. मी म्हणाले, आत्ता बघते. रेडिओ दुरुस्तीच्या कोर्सला मी वर्गात एकटी मुलगी होते. पोरीच्या जातीला तारांत कशाला घालता, असं भावकी म्हणायची, तेव्हा आई एकटी माझ्या बाजूनं भांडली होती. आणि नम्रता हा विषय काही त्या कोर्सला नव्हता.

जाळी काढून स्पिरिटनं धुतली. आतल्या पातळ पडद्यावरचं कुंकू मऊ ब्रशनं हलकेच टिपलं. पडद्याची केसाहून बारीक तार टाचणीनं तुटली होती. तिच्यापुढं सोल्डरिंगचं टोक म्हणजे पहारच. म्हणून त्या टोकाला तांब्याच्या तारेचा वेढा दिला, तारेचा शेवट थोडा पुढं काढला आणि त्यानं तुटलेलं झाळलं. तोवर पंखा बंद, आणि मालकांचं तोंडही. हेडफोन लावून चुटकी वाजवली, लख्ख ऐकू आली. माझ्याइतकं खूश तेव्हा परभणीत कुणी नसेल.

गावच्या कार्यक्रमात गाण्याआधी पेटी कुणाची, ढोलकी कुणाची, बत्ती कुणी आणली, हे सांगायची रीत होती. आईला तीच सवय. टेप सुरू झाला तशी ती खणखणीत म्हणाली, "हा माईक बंद पडला व्हता. माझ्या लेकीनं नीट केला. आता ऐका."

मग बायका अशा गायल्या की मालकसुद्धा ताल धरून बसले. नंतर मात्र सुरुवातीचं ते बोलणं कापून टाका म्हणाले. कापायचं काम माझ्याकडंच होतं. मी कापलं नाही.

पुढं पाथरीला गेले की बाजारात ती कॅसेट वाजत असायची. आईचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय मी कधी एस.टी. धरली नाही.