गाडी कुठं वळते ते सांगा

कापडे गावच्या वरच्या वाडीतल्या कुशाबाने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक, लोकांची लग्नं जमवली. दोन, दारात आलेल्याला कधी परत पाठवलं नाही. पहिलीमुळे महाड आणि पोलादपूर तालुक्यातली वाडी न् वाडी त्याला पाठ झाली. दुसरीमुळे ‘सावित्रीकाठ’ नावाच्या ग्रुपचं वाटोळं व्हायची वेळ आली.

ग्रुप महाडच्या दीप्तीबाईंचा. बाई शाळेत शिकवतात. नदीला पाणी किती आलं, घाटात दरड आली का, रक्त कुणाला हवंय, एवढ्यासाठी त्यांनी तो फोनवर काढला आणि बघता बघता त्यात बत्तीस हजार माणसं झाली. सांभाळणारे मात्र पाचाचे तीन झाले. एक दुबईला गेला, एकीला जुळं झालं. उरल्या बाई, कचेरीतला कारकून धम्मपाल आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ओटीवर बसून असलेला कुशाबा. त्या दोघांना नोकऱ्या होत्या, म्हणून नव्या माणसाला आत घ्यायचं काम कुशाबाकडे आलं.

जो येई त्याला कुशाबा आत घेई. कर्जवाला आला, ये बाबा. वशीकरणवाला आला, बस. घरबसल्या पन्नास हजार देणारा साहेब आला, त्याला तर कुशाबाने हात जोडल्याचं चित्रही पाठवलं. रिया नावाची मुलगी आली तेव्हा तिचा फोटो बघून त्याने आधी लग्न ठरलंय का ते विचारलं, कारण विन्हेरे गावाकडे एक पदवीधर मुलगा बरेच दिवस बसून होता. रियाने उत्तरादाखल एक लिंक पाठवली. कुशाबाला वाटलं, पत्रिका असेल. पुढे आठवडाभर त्याच्या फोनवर रमीचा डाव आपोआप उघडत राहिला.

मग जूनच्या सुरुवातीला आंबेनळी घाट बंद झाल्याचा निरोप त्रेचाळीस जाहिरातींखाली गाडला गेला आणि दोन जीपभर माणसं पाच तास रस्त्यात अडकली. दीप्तीबाईंनी शांतपणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत हा कचरा हटला नाही तर ग्रुप बंद. कुशाबाला फार लागलं ते. हल्ली लग्नं फोनवरच जमतात, त्याला कुणी विचारत नव्हतं. दिवसातून दहा जण ‘काका, हे कसं?’ म्हणून विचारायचे ते याच ग्रुपात. तो गेला की ओटीवर कुशाबा आणि कोंबड्या.

आयुष्यभराचं हत्यार त्याने बाहेर काढलं. नव्या माणसाला विचारायचं, कुणाचा तू, आडनाव काय? धम्मपालने तिथल्या तिथे अडवलं.

“काका, आडनाव विचारणार असाल तर मी आत्ताच निघतो. ते सांगितल्यावर पुढे काय काय होतं, ते आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे.”

पन्नास वर्षं कुशाबाने प्रत्येक उंबऱ्यावर हाच प्रश्न पहिला टाकला होता आणि समोरच्याला तो कसा लागतो हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. दोन दिवस त्याने ग्रुप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन आला: तुमच्याकडं एसटी कुठं वळते?

प्रश्न साधा, पण वाडीतल्या शेंबड्या पोराला येणारा आणि बाहेरच्याला जन्मात न येणारा. नव्याने आलेल्या कर्जवाल्याने विमानतळ लिहिलं. आणखी एका रियाची गाडी तुमच्या हृदयाकडे वळत होती. खऱ्या माणसांची उत्तरं मात्र भांडल्यासारखी येत. कुणी देवळामागे म्हणे, कुणी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाताना लागते ती जागा सांगे. एकाने लिहिलं, ‘वळत नाय, मागं मागं येते, कंडक्टर उतरून शिट्टी मारतो.’ कुशाबाने त्याला डोळे झाकून आत घेतलं.

पण आधीच घुसलेल्यांचं काय? हजारोंना विचारायचं तर तीन माणसं कुठे पुरणार? इथेही कुशाबाच कामाला आला. वाडीत गुरं राखायला गुराखी नसे, पाळी असे. आज या घराने सगळ्यांची गुरं न्यायची, संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला टेकवून ठेवायची. काठी दिसली की उद्याचं कुणाचं ते कळे. तसंच करायचं त्याने सुचवलं, रोज एक घर. कुणीतरी विचारलं, त्या दिवशी घरातला माणूस आजारी पडला तर? कुशाबाने ऐटीत लिहिलं, “पाळी माणसाची नसते, घराची असते. तो नसंल तर बायको जाईल.” सातशे जणांनी त्यावर अंगठे उमटवले.

पहिली पाळी अर्थात सुचवणाऱ्याची. कुशाबाने सकाळी चहा घेतला आणि एका दमात चारशे जणांना तोच प्रश्न विचारला. दहाच्या सुमाराला फोन मुका झाला. एकच वाक्य इतक्यांना पाठवतो, म्हणजे हाच कचरा टाकणारा, असं ठरवून ॲपच्या कंपनीने त्यालाच हाकलून दिलं होतं.

काठी घराच्या दाराला लागली होती आणि घरात त्याची बायको राहीबाई होती. दीप्तीबाईंनी तिलाच कामाला लावायचं ठरवलं. बघतात तर राहीबाईचा आत यायचा अर्ज तीन वर्षं तसाच पडून होता. रियाला घेणाऱ्या कुशाबाने बायकोला म्हटलं होतं, तू कशाला, मी सांगतो ना सगळं.

राहीबाईने पदराला हात पुसले आणि आपला फोन घेऊन चुलीपाशी बसली. संध्याकाळपर्यंत तिने अकराशे जण बाहेर काढले, थोडं थोडं, वाक्य बदलून बदलून, धान्य पाखडावं तसं. बाईंचा निरोप आला, ग्रुप राहणार. कुशाबाच्या जिवात जीव आला. दुसऱ्या नंबरवरून त्याने नव्याने अर्ज केला आणि आतून दार उघडायची वाट बघत ओटीवर बसला. दाराऐवजी प्रश्न आला: तुमच्याकडं एसटी कुठं वळते?

त्याने तोऱ्यात लिहिलं, फणसाखाली.

उत्तर फोनवर नाही, स्वयंपाकघरातून आलं, “फणस पडून दोन पावसाळं झालं. गाडी आता टाकीपाशी वळते.”

कुशाबाने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. खरंच फणस नव्हता.

“अगो, मग आता घे ना आत,” तो म्हणाला.

“अर्ज हाय तुमचा,” राहीबाई म्हणाली. “बघीन.”