साडूंच्या बोटीचं स्टेअरिंग

स्टेअरिंग असलेली कुठलीही वस्तू आमच्या साडूंच्या हाती द्यावी, ती सुतासारखी सरळ चालणार. पृथ्वीला स्टेअरिंग बसवलेलं नाही म्हणूनच ती बिचारी गोल गोल फिरत राहिली आहे. साडू तिच्यावर बसले असते तर ती एव्हाना गडचिरोली डेपोत वेळेवर लागली असती. उभा जन्म एसटी चालवण्यात गेलेला हा माणूस. घरातही वळताना उजवा हात बाहेर काढतो, आणि पंगतीत कुणी आधी उठलं तर "ओव्हरटेक काऊन करून राह्यला बे?" म्हणून दटावतो.

अशा माणसाने निवृत्तीनंतर शिडाची बोट घ्यावी, याचं नवल फक्त परक्यांना वाटलं. कोकणातल्या कुणा हौशी माणसाने टाकून दिलेली ती म्हातारी बोट, आमच्या कोरपन्याहून तिकडे सिमेंट घेऊन गेलेल्या ट्रकच्या परतीच्या खेपेत आली. वाटेतल्या गावांनी तिला मिरवणुकीतली झाँकी समजून हार घातले. मग ती धरणाच्या तलावात उतरली. तलाव कसला, आमची सासुरवाडीच ती! आम्हा दोघांच्या बायकांचं माहेर त्याच्या तळाशी आहे. पाणी चढायच्या आधी गावातून निघालेली शेवटची बस साडूंनीच चालवली होती. आणि मागच्या बाकावर रडणाऱ्या आपल्या नव्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, "तुले परत इथीच आणून सोडीन" असा शब्द दिला होता. साडू दिलेला शब्द आणि चालवलेला रूट, दोन्ही विसरत नाहीत.

अडचण होती ती बोटीच्या चाकाची. चाक फिरवून चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे बोट विचारात पडायची. पहिल्याच फेरीत तिने मेव्हणीबाईंना माहेरी नेण्याऐवजी काठावरच्या बेशरमीच्या झुडपात नेऊन घातलं. बाई पदर झाडत उतरल्या. "बस चालवत होते तवा कदी रस्ता सोडला नाई तुम्ही. पयले ते चाक धड करा, मंग बोलवा मले!"

साडूंनी बोटीचं पोट उघडलं. चाकापासून मागच्या सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारेचे पीळ उसवून काट्यांसारखे उभे राहिलेले, तार जिच्यावरून धावते त्या कप्प्या झिजलेल्या, आणि सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो ते बुश इतकं सैल, की दांडा आत नांदत नव्हता, नुसता पाहुणा आला होता. तार नवी आणली, कप्प्या चंद्रपुरात लेथवर करून घेतल्या. बुश मात्र कुठेच मिळेना. तेव्हा साडूंनी बैलगाडीच्या आसाला लागतं ते धावड्याचं लाकूड कोरलं, तेलात मुरवलं आणि ठोकून बसवलं. मग मला कमरेइतक्या पाण्यात उभं करून सुकाणू सरळ धरायला लावलं, आणि स्वतः वर दोन्ही बाजूंच्या तारा एकतारीसारख्या छेडत, दोन्हींचा सूर एक येईपर्यंत आवळत बसले. इकडे माझ्या पोटरीला मासा चावला.

"हालून काऊन राह्यले, साडूभाऊ? तुम्ही सध्या गाडीचे पार्ट आहा!"

फेरीच्या दिवशी पार्टाला बढती मिळून तो कंडक्टर झाला. डोलकाठीला एसटीची जुनी घंटी बांधली होती, तिची दोरी माझ्या हाती आली. बाई पुढची कडी घट्ट धरून बसल्या. वारा पाठीशी होता. शीड फुगलं, आणि साडूंनी समोरच्या डोंगरातल्या खिंडीवर नजर लावली. मला वाटलं, आता सरळच जायचं. पण मधेच, चहूकडे नुसतं पाणी असताना, त्यांनी तोंडाने हॉर्न वाजवला आणि चाक डावीकडे घेतलं. बोट त्याच क्षणी वळली.

"चिंचेचं वळण," साडू म्हणाले. मी हसलो.

थोडं पुढे गेल्यावर "नाला हाय" म्हणून त्यांनी शिडाची दोरी सैल सोडली. बोट हळू झाली आणि माझं हसू थांबलं. अहो, हा माणूस तळाशी बुडालेल्या सडकेवरून बोट चालवत होता! आणि पुढचं वळण यायच्या आधीच बाई आपोआप त्या बाजूला कलत होत्या.

एका जागी त्यांनी शीड उतरवलं. बोट निमूट थांबली.

"चला, स्टॉप आला. उतरणार कोणी?"

बाई वाकून पाण्यात पाहत राहिल्या. "इथीच उभी राहाची मी," त्या मला म्हणाल्या. "टाइम नसला तरी हे बस थांबवाचे."

"टाइम होता," साडू म्हणाले. "तुह्याच टाइमावर चालवत होतो मी."

गाडी सुटायची तर कंडक्टरने डबल बेल दिली पाहिजे, हा नियम साडूंनी नोकरीत कधी मोडला नाही आणि तलावातही मोडला नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ते वाट बघत होते. दोरी माझ्या हातात होती. माझ्याच्यानं काही ती ओढवली नाही.