पाण्याखालची चूल

घरकुलाच्या यादीत कोण बसतं आणि कोण नाही हे पाहायला मला वेल्ह्याहून वाडीवस्तीवर पाठवतात. हाती मोबाईल, त्यात व्याख्या. दगडी भिंती आणि पेटती चूल असेल ते राहतं घर. तसं घर नावावर असलं की माणूस अपात्र. छपराचं कुणी विचारलेलंच नाही. ही व्याख्या लिहिणाऱ्याला एकदा इथं आणून बसवावं, असं माझं जुनं मत आहे.

बाळाबाई पानशेतच्या काठावर कुडाच्या खोपटात एकट्या राहायच्या. वय सत्तर. मागचा कूड गेल्या पावसातच पडला होता आणि खोपट आणखी एक पावसाळा काढेल असं दिसत नव्हतं. तरी पंचायतीच्या वहीत त्यांच्या नावावर दगडी घर निघालं, धरणात बुडालेलं. त्यांचे यजमान कोंडिबा यांनी मरेपर्यंत ती नोंद कमी करू दिली नव्हती. गाव उठलं तेव्हा बाकीच्यांनी चुलीतले निखारे गाडग्यात घालून नव्या जागी नेले. कोंडिबांच्या आईनं, साळूबाईंनी, नेले नाहीत. चूल पेटती ठेवूनच त्यांनी दार ओढून घेतलं. चूल विझवली नाही म्हणजे घर सोडलं नाही, असं त्या म्हणायच्या.

मे महिन्यात पाणी खाली गेलं. घर पडल्याचा फोटो काढला की काम होणार होतं, म्हणून भर दुपारी आम्ही दोघं गाळ तुडवत तिथं गेलो. चारही भिंती उभ्या होत्या. आत चूल होती, नुकती सारवलेली. मी राखेत बोट घातलं आणि झटकन काढलं. राख ऊन होती; खाली निखारा धुमसत होता.

कुणी गुराखी येऊन गेला असेल, असं मी म्हणालो. बाळाबाईंनी नुसतं मागं पाहिलं. ओल्या गाळात आमच्या दोघांखेरीज कुणाचंही पाऊल नव्हतं.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. राखेवर माती लोटतो, फोटो काढतो आणि ‘चूल नाही’ असं लिहितो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला.

“नगं, भाऊसाहेब. आत्याबाईंची चूल मोडून मला घर नगं. हाय म्हणून लिवा.”

मी पावसाळ्याची आठवण करून दिली. त्या पदर सावरून चुलीच्या पाया पडत होत्या.

मी ‘आहे’ दाबलं. बाळाबाई अपात्र ठरल्या. आषाढात खोपट बसलं; आता त्या देवळाच्या ओवरीत झोपतात. इतक्या वर्षांत मी भरलेली तेवढीच एक नोंद अगदी खरी होती, असं मला वाटतं. त्याचीच मला भीती वाटते.