फवारणी न केलेल्या चार ओळी

सकाळी भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली. मी पोहोचलो तेव्हा नाना गेलेले होते... पिंप्राळ्यात आम्ही बारा वर्षांचे शेजारी. तरी रडू येण्याआधी मनात आलं ते हेच, की आता आत्मारामला कोण सांगणार? नानांचा हा धाकटा भाऊ पाच वर्षं या घराची पायरी चढला नव्हता. वहिनींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी आत्मारामच्या गावाकडची, नरडाण्याची पॅसेंजर गाठली.

नाना शाळेत जीवशास्त्र शिकवत. गावचं शेत दोघांचं, कसणारा आत्माराम. पाच वर्षांपूर्वी कपाशीवर बोंडअळी पडली आणि औषधाला दाद देईना. लोकांनी मात्रा वाढवली, मग दोन औषधं एकत्र कालवली. नानांनी हट्टानं बांधालगतच्या चार ओळी फवारणीविना ठेवल्या. तिथल्या साध्या अळ्यांचे पतंग औषध पचवलेल्यांशी जुळले तर पुढची पिढी पुन्हा औषधानं मरेल, असा त्यांचा हिशेब. सुटीत मी त्यांच्यासोबत गेलो होतो. त्या ओळींतून अळी गावभर पसरते अशी ओरड झाली तेव्हा आत्माराम पाठीवर पंप घेऊन आला, आणि नाना ओळींत जाऊन उभे राहिले.

"बाजूले व्हय, नाना. तुन्या चार ओयींमाईन अयी बठ्ठा गावमा जाई राहिनी. लोके माले बोलतस."

"जी मरस ती मरी गई. जी वाचनी, तिनीच पिलं पुढे येतस. त्यास्ले मंग तुनं औषध पानीसारखं."

"हाई मास्तरकी शायामा कर."

नाना हलले नाहीत. आत्मारामही थांबला नाही. त्यानं पंप मारला तो थेट नानांच्या सदऱ्यावरून. मी बांधावरून पाहत होतो... नानांनी विहिरीवर अंग धुतलं आणि ओल्या कपड्यांनी स्टँडचा रस्ता धरला. त्या हंगामात अळीनं सगळ्यांचंच खाल्लं, फवारलेलंही आणि न फवारलेलंही.

पुढे एकदा नाना मला म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं, माप चुकलं. चार ओळींनी काय होणार? सगळ्या गावानं थोडं थोडं राखायला हवं होतं. आणि बोलणी मात्र एकट्या आत्मारामनं खाल्ली." मी म्हणालो, हे त्यालाच जाऊन सांगा. "दिवाळीला जातो," म्हणाले. तीन दिवाळ्या तशाच गेल्या.

परतीच्या गाडीत आत्माराम समोर बसला होता. अमळनेर मागे पडेपर्यंत नानांचं ते 'माप चुकलं' मी मनात घोळवत होतो. मेलेल्या माणसाची चूक त्याच्या भावाला सांगावी की नाही... शेवटी सांगितलं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हाई त्यानी माले सोता ईसन सांगाले पाहिजे व्हतं," एवढंच म्हणाला.

दहाव्यानंतर वहिनींनी चहा केला. आत्मारामनं तो संपवला. वहिनी चोथा घेऊन परसात निघाल्या तसा तोही मागोमाग गेला. तिथे नानांचा खताचा खड्डा आहे. साली, पालापाचोळा, चोथा, घरातलं काहीच वाया न घालवता ते त्यात टाकत आणि कुजल्यावर झाडांना घालत. आत्मारामनं फावडं मागितलं. तळाचं काळं, भुसभुशीत खत त्यानं दोन पोत्यांत भरलं.

"कुठे टाकणार?" मी विचारलं.

"त्यान्या चार ओयींमा," तो म्हणाला आणि पोत्यांची तोंडं बांधू लागला.

याला आता दीड महिना झाला. वहिनी रोज सकाळी केळीच्या साली चिरून त्या खड्ड्यात टाकतात. भिंतीपलीकडून विळीचा आवाज येतो. खड्डा पुन्हा निम्मा भरला आहे.