मार खाणारा आवाज

पडद्यावर एका खेडवळ बाईला काठीनं बडवत होते आणि ओरडत होते मी.

"मारू नका की वो. चुकलं माजं. व्हय, चुकलं."

प्रत्येक फटक्याला माझा आवाज. अख्खी लॅब हसत होती. आमचे सर टेबलाला टेकून हसत होते. पुण्याच्या गेम स्टुडिओतून मुलं निवडायला आलेला माणूसही हसला आणि निनादला म्हणाला, "परत मार." निनादनं परत मारलं.

मी सोलापुरात गेम प्रोग्रामिंग शिकायला आले, तेव्हा गावात कुणाला ते धड सांगताही येईना. आमचं घर सांगोल्याच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. "खेळ शिकायला कालेज लागतंय व्हय गं?" चुलती विचारायची. लागतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा होता. निनाद टीमचा पुढारी, शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा. चित्रं बाकीच्या दोघांची. कोड माझा. पात्र कसं पळतं, कसं पडतं, काठी लागली की काय होतं, सगळं माझं.

गेम बनवताना आवाज आधी तात्पुरते भरतात. टीममधलं कुणीही बोलून टाकतं, पुढं खरा कलाकार येतो. निनादनं माइक माझ्यापुढं धरला. "तू बोल. तुमच्या घरी बोलतात तशी. जरा घाबरलेली, संकटात सापडलेली." तोवर कॉलेजात मी जीभ आवळूनच बोलत होते. घरच्यासारखं बोल, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. मला वाटलं, गेमच्या नायिकेसाठी असेल. खुशीत बोलले. फटका बसला की फोल्डरमधला आवाज वाजवायचा, ही ओळ मीच लिहिलेली. फोल्डरमध्ये काय टाकायचं, ते निनादनं ठरवलं.

आणि खरं सांगते, पहिल्या फटक्याला मीही हसले. त्याचीच जास्त चीड येते.

"आवाज कुणाचा?" स्टुडिओच्या माणसानं विचारलं.

"हिचा. गावाकडची आहे ना, तिला नॅचरल येतं."

"आणि कोड?"

"टीमचा," निनाद म्हणाला.

माणूस माझ्याकडं वळला. "अशा कॉमेडी पात्रांचे आवाज द्यायला याल आमच्याकडं?"

ज्या स्टुडिओत प्रोग्रामर म्हणून जायचं म्हणून मी एवढी वर्षं घासली, तो मला मार खाण्याचं काम देत होता. वर सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. अंगाचा तिळपापड झाला. उठले. निनादच्या हाताखालचा कीबोर्ड ओढला.

"आवाज माजा हाय. कोडबी माजाच हाय. दोन्ही काढून घेणार हाय."

काढले. सगळ्यांच्या देखत. मग गेम सुरूच होईना.

सर म्हणाले, "थोडी विनोदबुद्धी ठेवावी माणसानं. सोमवारी सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर प्रोजेक्टला नापास."

बाहेर पडले आणि चालत सुटले. सात रस्त्याच्या चौकात आले, पुढं गेले, परत फिरले. बस आली, चढले नाही. चहा सांगितला, न पिताच उठले. शेवटी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. ते मेंढरं घेऊन लांब कुठंतरी होते. मागं घंट्या वाजत होत्या. सगळं सांगितलं.

"मागून टाक की माफी," आबा म्हणाले. "आपलं काय जातंय?"

आबांचा जन्म त्यातच गेला. मेंढरं कुणाच्या रानात शिरली की शिवी यायच्या आधी हात जोडायचे. शिरली नसली तरी बांधावर मालक दिसला की जोडायचेच. आज हात जोडले तर उद्या तोच खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावतो, हे त्यांचं शहाणपण. त्या शहाणपणावर आमची पोटं भरली, मी नाही म्हणत नाही. लहानपणी त्यांच्या शेजारी उभी राहून मीही जोडलेत, कुणी न सांगता. लॅबमध्ये हसले, ते तसंच.

"आबा, ह्या बारीला रान माजं हाय," मी म्हणाले. "शिरल्यात ते."

आबांनी मेंढरांना हाळी दिली. मग म्हणाले, "नापास करतील की गं."

"करू द्या."

केलंच. सोमवारी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि माफी मागणार नाही, एवढंच बोलले. निनादकडं गेमची जुनी प्रत होती. बाकीचे तिघं माझ्याच कोडवर पास झाले, पेढेही वाटले. मी परत तोच विषय घेऊन बसलेय, एकटी, पहिल्या ओळीपासून. झोप धड लागत नाही. राग पोटात तसाच आहे आणि तो विझावा असं मला वाटतही नाही. त्याच स्टुडिओत अर्ज करणार आहे. प्रोग्रामर म्हणून. मुलाखतीत कुणी हसलं, तर मी थांबणार आहे आणि विचारणार आहे, यात हसण्यासारखं काय होतं, ते सांगा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.